लिस्बन ते माद्रिद : एक तास वीस मिनिटे

लिस्बनहून माद्रिदला जाणाऱ्या विमानांचे वेळापत्रक प्रथमच पाहणाऱ्या माणसाला ते तयार करणाऱ्याची डुलकी लागली असावी असेच वाटेल. समजा, सकाळी सातचे विमान लिस्बनहून सुटले, तर ते माद्रिदला नऊ वीसला पोचते. आणि परतीचे विमान माद्रिदहून दहाला निघाले, की लिस्बनला ते दहा वीसला उतरते! म्हणजे जायला दोन तास वीस मिनिटे आणि यायला अवघी वीस मिनिटे. अनमोड घाट चढताना आणि उतरताना बसला वेळ कमी-जास्त लागतो हे आपल्याला ठाऊक आहे, पण आकाशात कसला आलाय घाट?

उत्तर अगदी सोपे आहे. पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असते. खरा प्रवास दोन्ही वेळा सारखाच, साधारण एक तास वीस मिनिटांचा. जाताना एक तास खिशातून जातो आणि येताना तो परत मिळतो. व्यवहार चोख. पण हे उत्तर मिळाल्यावर माझे समाधान होण्याऐवजी कुतूहलच वाढले. दोन शेजारी देश, मध्ये ना समुद्र ना हिमालय, आणि तरी त्यांच्या घड्याळांत एक तासाची भिंत का असावी? तिथून जो शोध सुरू झाला तो विमानाच्या वेळापत्रकावरून मला थेट पेडण्याच्या आमच्या जुन्या घरापर्यंत घेऊन आला. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

माझा भाचा काही वर्षांपासून लिस्बनला नोकरी करतो. २०२३ च्या वसंतात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. लिस्बन पाहून झाले. बेलेमचा मनोरा, जेरोनिमसचा मठ, आल्फामाच्या चढणी. चढणींवर दमलेली माझी पत्नी प्रत्येक वळणावर ‘हे आपले फोन्तायन्यशच’ म्हणत होती. एके दिवशी मी म्हटले, इतक्या लांब आलोच आहोत तर माद्रिदचे प्रादो संग्रहालयही पाहून येऊ. रात्री गाडीत बसू, सकाळी माद्रिद. लहानपणापासून ऐकत आलोय, युरोप म्हणजे रेल्वे!

भाचा हसला. म्हणाला, ‘‘मामा, तशी गाडीच नाही. विमानानं जा. एक तास वीस मिनिटं.’’

‘‘गाडी नाही म्हणजे? दोन राजधान्या ना या?’’

‘‘पूर्वी रात्रीची एक होती. ती २०२० मध्ये कोविडच्या वेळी बंद झाली, ती बंदच आहे. आता गाड्या बदलत जावं लागतं. मामींना झेपणार नाही.’’

मामींना काय झेपते हे भाच्यांनी ठरवू नये, असे मामींचे मत पडले आणि तडजोड अशी झाली, की जाताना विमान आणि येताना रेल्वे.

आधी विमानाचा हिशेब सांगतो. लिस्बन आणि माद्रिद यांच्यातले हवाई अंतर जेमतेम पाचशे किलोमीटर आहे. विमानतळ ते विमानतळ मोजले तर ५१३ किलोमीटर. पणजीहून मुंबईला सरळ रेघ ओढली तर चारशे किलोमीटर भरतात, त्यापेक्षा थोडे अधिक. एवढ्या अंतराला ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला चाळीस मिनिटेसुद्धा लागू नयेत. मग एक तास वीस मिनिटे कुठून आली? तर वेळापत्रकातली वेळ ही उडण्याची नसतेच. विमानाच्या चाकांना लावलेल्या अटकणी काढल्या, की वेळ सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर त्या पुन्हा लावल्या, की संपते. मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत रांगेने जाणे, उतरल्यावर पुन्हा दाराशी येणे, हे सारे त्यात धरलेले असते. शिवाय एवढ्याशा प्रवासात विमान पूर्ण वेगाने असे थोडाच वेळ धावते. वर चढून स्थिर होईतो उतरण्याची तयारी सुरू होते. प्रत्यक्ष हवेत आम्ही तासाभराच्या आतच होतो. कॉफीचा कप हातात आला, आणि तो संपायच्या आत पट्टे बांधायची सूचना!

आता यात घरून निघण्याची वेळ धरा. लिस्बनचा विमानतळ तसा शहरातच आहे. २०१६ पासून त्याला जनरल उंबेर्तु देल्गादु यांचे नाव आहे. सालाझारच्या विरोधात १९५८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे आणि पुढे १९६५ मध्ये सालाझारच्या गुप्त पोलिसांकडून मारले गेलेले हे गृहस्थ. मारले गेले ते नेमके सीमेपलीकडे, बादाहोसजवळ, स्पेनच्या हद्दीत. तर मेट्रोने विमानतळ, दोन तास आधीची हजेरी, सुरक्षा तपासणी, माद्रिदला उतरल्यावर लांबच लांब सरकते पट्टे आणि पुन्हा मेट्रो. दारापासून दारापर्यंत आम्हाला साडेचार तास लागले. एक तास वीस मिनिटे ही त्यातली फक्त तिकिटावरची रक्कम.

घड्याळाच्या भिंतीची गोष्ट माद्रिदला गेल्यावर अधिक कळली. सूर्याला विचारले तर तो म्हणेल, या दोन शहरांत फरक आहे तो फक्त बावीस मिनिटांचा. लिस्बन नऊ अंश पश्चिमेला, माद्रिद पावणेचार अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे, हा शाळेतला भूगोल. दोन्ही शहरे ग्रीनिचच्या पश्चिमेलाच असल्यामुळे दोघांनीही ग्रीनिचची वेळ पाळावी हे नैसर्गिक, आणि अनेक वर्षे ते तसेच चालू होते. पण मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या सरकारने स्पेनचे घड्याळ एक तास पुढे सरकवले आणि ते बर्लिनच्या घड्याळाशी जुळवले. महायुद्ध संपले, बर्लिन पडले, फ्रँको १९७५ मध्ये गेला, पण घड्याळ मागे आले नाही. म्हणूनच माद्रिदमध्ये लोक दुपारी तीनला जेवतात आणि रात्री दहाला पुन्हा जेवायला बसतात. आपण त्यांना उशिरा जेवणारे म्हणतो. त्यांचे पोट सूर्याप्रमाणे चालते, उशीर झालाय तो घड्याळाला.

पोर्तुगालनेही मधूनमधून शेजाऱ्याशी वेळ जुळवून पाहिली. १९६६ ते १९७६ या काळात आणि पुन्हा १९९२ ते १९९६ या काळात. दुसऱ्या खेपेस कारण व्यापाराचे होते. ब्रसेल्स, पॅरिस, माद्रिद यांच्याबरोबर कचेऱ्या उघडाव्यात आणि बंद व्हाव्यात. पण हिवाळ्यात मुले काळोखात शाळेला निघू लागली आणि उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड सरेना. लोक कंटाळले आणि १९९६ मध्ये देश परत आपल्या जुन्या वेळेवर आला. यात एक गंमत अशी, की २६ मार्च १९९५ रोजी या दोन देशांमधली पासपोर्ट तपासणी बंद झाली, शेंगेन करारामुळे. म्हणजे जेमतेम एक वर्ष असे गेले, की सीमेवर ना चौकी होती ना घड्याळाचा फरक. मग चौकी गेली ती गेलीच, तास मात्र परत आला.

आता रेल्वे. लिस्बनहून निघालेला रूळ स्पेनच्या हद्दीत बादाहोसला जाऊन भिडला तो १८६३ मध्ये. दोन्ही देशांच्या रुळांची रुंदीही एकच, १६६८ मिलिमीटर. (आपल्या ब्रॉडगेजपेक्षा केवळ आठ मिलिमीटर कमी!) त्यामुळे मीटरगेजच्या दिवसांत आपल्याकडे ब्रॉडगेजपाशी पोचल्यावर जी गाडी बदलण्याची धांदल व्हायची, तशी तांत्रिक अडचण इथे मुळातच नव्हती. २००३ मध्ये फिगेइरा दा फोज या पोर्तुगीज गावी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी ठरवले, की २०१० पर्यंत लिस्बन–माद्रिद वेगवान रेल्वे सुरू करायची. मग मंदी आली, पैसे संपले आणि २०१२ मध्ये पोर्तुगालने आपल्या बाजूचा प्रकल्प गुंडाळला. स्पेनने आपल्या बाजूला प्लासेन्सियापासून बादाहोसपर्यंत नवा मार्ग २०२२ मध्ये सुरू केला. २०२५ च्या अखेरीस युरोपीय आयोगाने नव्या तारखा दिल्या आहेत. २०३० पर्यंत पाच तास, २०३४ पर्यंत तीन तास. होईल तेव्हा होईल. आपली कोकण रेल्वे डोंगर फोडून १९९८ मध्ये पूर्ण झाली आणि मडगावचा माणूस रात्री बसून सकाळी मुंबईला उतरू लागला. त्यामुळे युरोपातल्या दोन राजधान्यांमध्ये थेट गाडी नसावी हे माझ्या पत्नीला शेवटपर्यंत पटले नाही.

आणि या रस्त्याला कोणी कमी लेखले असेही नाही. पोर्तुगालची विमान कंपनी ताप हिने १९ सप्टेंबर १९४६ रोजी आपली पहिली व्यापारी सेवा सुरू केली ती लिस्बन–माद्रिद मार्गावरच. एकवीस प्रवाशांचे डीसी-३ विमान. पंखे फिरवत ताशी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर जाणारे. म्हणजे आकाशातली पहिली पायवाट शेजाऱ्याच्या दाराशी गेली. जमिनीवरची मात्र पुढे रोडावत गेली.

असे का व्हावे? पोर्तुगीजांमध्ये एक म्हण आहे. स्पेनकडून ना चांगला वारा येतो, ना चांगली सोयरीक. वाऱ्याचे माहीत नाही, पण सोयरिकीला इतिहासाचा आधार आहे. अशाच सोयरिकींच्या जोरावर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५८० मध्ये पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगितला आणि साठ वर्षे, १६४० पर्यंत, दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर राहिले. त्या काळात गोव्यात येणारा व्हिसरेईसुद्धा स्पेनच्या राजाच्या सहीनेच येत असे. गोव्याहून निघालेला कागद महिनोन्‌महिने समुद्रावर हेलकावे खात लिस्बनला लागायचा आणि तिथून निर्णयासाठी पुढे राजाच्या दरबारी जायचा. आपल्या इतिहासातही लिस्बन–माद्रिद अंतर असे मोजले गेले आहे, फक्त आपल्याला त्याची खबर नाही. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव झाला, पोर्तुगाल पुन्हा स्वतंत्र झाले आणि तो दिवस आजही तिथे सुटीचा आहे. त्यानंतर दोघांनी एकमेकांकडे पाठ केली ती कायमची. एकाने समुद्राकडे तोंड केले, दुसऱ्याने आपल्या अमेरिकेकडे आणि युरोपकडे. मधल्या सीमेवर उभे राहिले ते किल्ले. त्यांतला एल्वशचा तारकाकृती तट २०१२ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

फिलिपच्या काळातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. माद्रिदमधून मान्सानारेस नावाची बारीकशी नदी वाहते. ती हारामा नदीला मिळते, हारामा ताहोला मिळते आणि हीच ताहो पोर्तुगालमध्ये शिरली, की तेजू होऊन लिस्बनला समुद्राला भेटते. म्हणजे माद्रिदच्या पुलावरून टाकलेले फूल, धरणांनी अडवले नाही तर, लिस्बनला पोचायला हरकत नाही. फिलिपने अंतोनेल्ली नावाच्या इटालियन अभियंत्याला कामाला लावले. ही नदी लिस्बनपासून आत तोलेदोपर्यंत नावांनी चालण्याजोगी करायची! काही काळ नावा चालल्याही. पुढे फिलिप गेला, त्याचा उत्साहही गेला. आज त्या नदीवर नावांऐवजी धरणे आहेत, वरच्याने किती पाणी ठेवायचे आणि खालच्याला किती सोडायचे यावर १९९८ चा आल्बुफेइरा करार आहे, आणि करार असूनही कुरबुरी आहेत. म्हादईच्या काठी राहणाऱ्या माणसाला यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही.

येताना ठरल्याप्रमाणे आम्ही रेल्वे धरली. माद्रिदहून सकाळी निघालेली गाडी तालावेरा, कासेरेस, मेरिदा करीत बादाहोसला आली तेव्हा दुपार झाली होती. वाटेत मैलोन्‌मैल ओकच्या झाडांची माळराने, खांबाखांबावर करकोच्यांची घरटी. बादाहोसला उतरून पोर्तुगालकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहायची. ही गाडी म्हणजे एक-दोन डब्यांची डिझेलवर चालणारी, आपल्या गावच्या बससारखी. तिने एन्त्रोंकामेंतूपर्यंत जायचे आणि तिथे लिस्बनची गाडी पकडायची. एन्त्रोंकामेंतू या शब्दाचा अर्थच मुळी जंक्शन. गावाचे नावच जंक्शन! मला आमचे लोंढा आठवले. लोंढ्याला गाडी बदलली नाही असा जुना गोंयकार विरळा.

त्या डबड्या गाडीच्या बाकावर बसलो असताना मला आमच्या आजीची आठवण झाली. आजीचे माहेर बांद्याचे. पेडण्याहून बांदा म्हणजे आज अर्ध्या तासाचा रस्ता. लग्न होऊन आली तेव्हाही सीमा होतीच, एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला सावंतवाडी संस्थान. पण ती सणावाराला जाता-येता लागणारी सीमा होती. १९५५ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वर्षी मुरगाव–कॅसलरॉक रेल्वेची ये-जा थांबली. मी तेव्हा दोन वर्षांचा. मला कळू लागले तेव्हा आजी मागीलदारी उभी राहून उत्तरेकडच्या डोंगराकडे बघत असायची आणि म्हणायची, ‘‘कुळार लागींच, पूण वाट पयस जाल्या.’’ माहेर जवळच आहे, वाट तेवढी लांब झाली. परवाना मागायचा, मिळाला तर जायचे. तिची आई १९५८ मध्ये वारली. निरोप आला तो रानातल्या चोरवाटेने आलेल्या एका माणसाबरोबर, आणि तो आला तेव्हा बारावा उलटून गेला होता. आजी न्हाली, चुलीपाशी बसली आणि कोणाशी काही बोलली नाही. एवढे मला आठवते. मी पाच वर्षांचा होतो.

त्याच १९५५ मध्ये दाबोळीला विमानतळ झाला. पोर्तुगीजांनी खास या वसाहतीसाठी विमान कंपनी काढली, तिचे विमान दमण, दीव आणि कराचीला जायचे आणि पुढे लिस्बनपर्यंतही जाऊ लागले. आमच्या भाटकारांचा धाकटा मुलगा त्या विमानाने शिकायला लिस्बनला गेला. गोवा ते लिस्बन सरळ रेघेत आठ हजार किलोमीटरांहून जास्त. तो जाऊ शकत होता. आजीला मात्र बांद्याला जाता येत नव्हते. शाळेत पुढे मी वेग, वेळ आणि अंतर यांचे समीकरण शिकलो, पण त्यात हा हिशेब कुठेच बसत नव्हता. आठ हजार किलोमीटर जवळ आणि पंचवीसच्या आतले लांब, हे कोणत्या गणितात बसवायचे?

आता सत्तरी उलटल्यावर मला वाटते, की अंतराला खरे तर तीन मोजपट्ट्या असतात. एक नकाशावरची, ती कधी बदलत नाही. दुसरी यंत्राची. डीसी-३ ला दोन तास लागायचे, आज एक तास लागतो, उद्या रेल्वेला तीन लागतील. आणि तिसरी शेजाऱ्याशेजाऱ्यांतली. ही रबरासारखी असते. दोन सरकारांनी ताणली की ताणते, सैल सोडली की क्षणात आखडते. आपण प्रवासाला निघताना दुसरीच विचारतो, ‘किती वेळ लागतो?’ पण माणसांच्या आयुष्यात काय घडते हे ठरवते ती तिसरी. लिस्बन आणि माद्रिद यांनी एकमेकांशी गेल्या दोनशे वर्षांत मोठे युद्धसुद्धा केलेले नाही. नुसती पाठ केली. तेवढ्यानेही पाचशे किलोमीटरांची वाट रेल्वेने दहा तासांची होऊन बसली.

आमच्या डब्यात समोर एक बाई येऊन बसल्या. साठीच्या असतील. पायाशी पिशव्या. मुक्तीपूर्वी दोन वर्षे मी पोर्तुगीज शाळेत होतो, त्या भांडवलावर मी बोलायला सुरुवात केली. बाई खूश झाल्या. गोव्याहून आलो म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! त्या एल्वशच्या. बादाहोसला मुलगी बाळंत झाली होती, तिला आणि नातीला पाहून परत चालल्या होत्या.

मी विचारले, मुलगी बादाहोसला दिलीय का?

त्या म्हणाल्या, नाही हो, मुलगी एल्वशलाच राहते. पण आमच्याकडचा प्रसूतिविभाग २००६ मध्ये बंद झाला. पुढचे पोर्तुगीज इस्पितळ लांब पडते, बादाहोस वीस मिनिटांवर. तेव्हापासून आमच्याकडच्या पुष्कळ मुली बाळंतपणाला स्पेनमध्येच जातात. एवढे किल्ले बांधले स्पॅनिश लोकांना बाहेर ठेवायला, असे म्हणून त्या मनमोकळ्या हसल्या, आणि आता आमची बाळं तेच हातात घेतात.

गाडी सुटली. काया नावाची छोटीशी नदी लागली, ती ओलांडली की पोर्तुगाल. ना कोणी चढले, ना कोणी कागद मागितला. पत्नीच्या मोबाइलने आपणहून एक तास मागे घेतला. सतरा-अठरा मिनिटांत एल्वश आले आणि घड्याळाप्रमाणे आम्ही निघालो त्याच्या पाऊण तास आधीच तिथे पोचलो होतो.

उतरायला उठताना बाईंनी एक मजा सांगितली. नात जन्मली ती रात्री बारा वीसला, पण बादाहोसच्या बारा वीसला. एल्वशला तेव्हा आदल्या दिवसाचे अकरा वीस वाजले होते आणि इकडे घरात आजोबा जागे राहून फोनची वाट पाहत बसले होते. कागदावर स्पेनची तारीख लागली. आजोबा म्हणतात, माझ्या नातीचा वाढदिवस मी माझ्या घड्याळाप्रमाणेच करणार. मी विचारले, मग शेवटी काय ठरले? त्या म्हणाल्या, ठरायचे काय? संध्याकाळी केक कापू आणि बारा वाजून जाईपर्यंत बसू.

पिशव्या खाली द्यायला मी मदत केली. एल्वशचे स्टेशन गावाबाहेर आहे, वर टेकडीवर तो जुना तट दिसत होता. बाई फाटकापाशी वळून हात हलवून गेल्या. आमची गाडी पुढे आब्रांतेशकडे निघाली आणि थोड्या वेळाने डाव्या हाताला तेजू नदी दिसू लागली, माद्रिदचे पाणी घेऊन संथपणे लिस्बनकडे चाललेली.

माझ्या मनात मात्र बांदा होते. आज बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडचे कितीतरी आजारी लोक बांबोळीच्या इस्पितळात येतात. तिकडच्या लेकीसुना बाळंतपणाला गोव्यात येतात, आणि पत्रादेवीला आता हुतात्म्यांचे स्मारक आहे. ज्या वाटेने आजीपर्यंत तिच्या आईच्या जाण्याचा निरोपही वेळेवर येऊ शकला नाही, त्याच वाटेने पलीकडची बाळे आता गोव्यात जन्माला येतात. किलोमीटर तेवढेच आहेत.